हळद अण्णांची, कुंकू माझं

"मी विमानं दुरुस्त करायचे," असं सांगितलं की आमच्या सांगवीच्या सोसायटीतल्या बायका आधी माझ्याकडे आणि मग आकाशाकडे बघतात. "कुठे?" म्हणतात. भोसरीत, म्हटलं की त्यांचा उरलासुरला विश्वासही उडतो. भोसरीत कुठे आलाय विमानतळ? विमानतळ नव्हताच. आमचं वर्कशॉप होतं. एका बाजूला स्प्रिंगांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, आणि मध्ये आमची पत्र्याची शेड. विमानं तिथे उडत येत नसत, ट्रेलरवरून येत. पंख काढून बाजूला बांधलेले आणि शेपटीला लाल फडकं. एकदा असंच एक विमान चाकण चौकात दोन कंटेनरांच्या मध्ये अडकलं. शेजारच्या टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढून आमच्या ड्रायव्हरला विचारलं, "भावा, हे असताना तू रोडनी कशाला चाललायस?"

मी मूळची परभणीची. शिक्षण संपवून इकडे आले आणि निवृत्तीपर्यंत या शेडमधून हलले नाही. बढत्या कधी मिळाल्या, साहेब किती बदलले, यात वाचणाऱ्याला काय रस? मला सांगायचंय ते अण्णांबद्दल आणि रंगाच्या दोन ठिपक्यांबद्दल.

त्याआधी थोडं धंद्याचं सांगते. वैमानिकी शिकायचं लहान विमान फार साधं असतं. दोन माणसं बसतात. वैमानिकाच्या गुडघ्यांमध्ये एक दांडी असते. ती मागे ओढली की शेपटीवरचा आडवा पट्टा वर उचलला जातो आणि विमानाचं नाक वर येतं. डावीकडे झुकवली की पंखांच्या कडेचे पट्टे हलतात आणि विमान डावीकडे कलतं. दांडी आणि पट्टे यांच्यामध्ये पोलादी तारा, पुल्या आणि तारा ताणून धरणारे स्क्रू, एवढाच कारभार. विहिरीवरच्या रहाटाहून फार वेगळं काही नाही. फरक इतकाच, की रहाट अडकला तर घागर खाली राहते, आणि इथे घागरीत माणसं बसलेली असतात.

म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. या तारांना कुणाचा हात लागला, की काम संपल्यावर दोन जणांनी ते तपासायचं. दोघांनी मिळून नाही, एकामागून एक. दुसऱ्याने पहिल्याच्या शब्दावर जायचं नाही, सगळं मुळापासून बघायचं. आमच्या शेडमध्ये पहिला तपासणारा प्रत्येक स्क्रूवर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि दुसरा त्याच्या शेजारी लाल. पुढे स्क्रू जरा जरी फिरला तर वाळलेल्या रंगाला तडा जातो आणि ते लगेच दिसतं. पिवळा ठिपका अण्णांचा, लाल माझा. त्याला हळदीकुंकू कोण म्हणायला लागलं ते आता आठवत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. "हळद लागलीय, कुंकू राहिलंय," एवढं सांगितलं की ट्रेलरवालासुद्धा समजायचा, की आज काही विमान निघत नाही, आणि निवांत तंबाखू मळायला बसायचा.

अण्णा राजगुरुनगरजवळच्या एका गावचे. घरची शेती, आणि ती सांभाळून नोकरी. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे. तारेवरून फिरताच तुटका धागा शोधणारी बोटं आणि नाकाच्या शेंड्यावर राग. मी लागले तेव्हा त्यांच्या कामानंतर लाल ठिपका द्यायला माणूसच नव्हता. म्हणजे कागदोपत्री होता, पण तो अण्णांना नमस्कार करायचा आणि ठिपके देऊन मोकळा व्हायचा. मी पहिल्याच दिवशी टॉर्च घेऊन विमानाच्या पोटात शिरले.

"ओ बाई, मी बगितलंय ते," अण्णा बाहेरून ओरडले.

"हो अण्णा, म्हणूनच बघतेय," मी आतून म्हटलं.

त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी माझ्याबरोबर चहा घेतला नाही. त्यांचंही खरं होतं. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाचं काम पुन्हा तपासणं म्हणजे जावयाने सासूच्या हातच्या भाजीचा वास घेऊन मग घास उचलण्यासारखं आहे. काम कितीही बरोबर असो, अपमान व्हायचा तो होतोच.

आमचा अबोला मोडला तो एका मोडलेल्या विमानाने. दुसऱ्या एका वर्कशॉपातून तारा बदलून गेलेलं विमान होतं ते. पहिल्याच उड्डाणात वैमानिकाने दांडी डावीकडे झुकवली आणि विमान उजवीकडे कललं. त्याने आणखी डावीकडे झुकवली, ते आणखी उजवीकडे गेलं. त्या माणसाचं डोकं इतकं शांत, की त्या अवस्थेत त्याच्या लक्षात आलं, आता सगळं उलटं करायचं. उलटी दांडी चालवत त्याने ते शेतात उतरवलं, एक पंख मोडला, पण माणूस वाचला. ते धूड आमच्याकडे दुरुस्तीला आलं. अण्णांनी आत बसून दांडी हलवली. पट्टे लोण्यासारखे हलत होते, कुठे खरखर नाही, अडकणं नाही. फक्त डाव्या पंखाचा पट्टा वर जायचा तो खाली जात होता. तारा जोडताना अदलाबदल झालेली. तपासणाऱ्याने हलतंय का ते बघितलं, कुठल्या दिशेला हलतंय ते बघितलं नाही.

आणि दुसरा तपासणारा? त्याला मी फोन केला होता. चांगला शिकलेला, सज्जन मुलगा. म्हणाला, "मॅडम, आमच्या मोठ्या साहेबांनी बघितलं होतं. त्यांच्या पाठोपाठ मी परत तेच बघणं बरं दिसलं नसतं."

मी हे अण्णांना सांगितलं. त्यांनी त्या मोडक्या पंखाचा पट्टा हाताने एकदा वर, एकदा खाली केला. मग म्हणाले, "बरं दिसत न्हाई म्हनून मानूस मेलं आसतं की ओ." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः चहा आणून माझ्यासमोर ठेवला. "बाई, माझं काम बगताना मी कोन हाय ते इसरायचं," म्हणाले, आणि मी कप उचलायच्या आत निघूनही गेले.

त्या दिवसापासून आमची जोडी जमली. जमली म्हणजे भांडणं वाढली. मी त्यांचा एखादा स्क्रू पुन्हा आवळायला लावला, की ते दिवसभर मला "इन्स्पेक्टरसाहेब" म्हणायचे. आठवड्याभरात काहीच सापडलं नाही, तर मात्र स्वतःच अस्वस्थ व्हायचे. "नीट बगताय ना?" असं विचारायचे.

गिऱ्हाइकंही एकेक वल्ली. चाकणकडचा एक हौशी कारखानदार होता, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. त्याचं स्वतःचं छोटं विमान. ते तो स्कूटरसारखं सर्व्हिसिंगला पाठवायचा. "बाकी काही बघू नका, फक्त ऑइल बदला," अशी चिठ्ठी बरोबर. एकदा विमान आलं ते असं चकचकीत, की त्यात तोंड बघून भांग पाडावा. गाड्या रंगवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्याने ते रंगवून घेतलं होतं. खाली प्रायमर, वर रंगाचे जाड थर, त्यावर लॅकर. आपल्या या कारखान्यांच्या भागात कुठलीही वस्तू सुंदर करायची म्हणजे गाडीसारखी करायची, दुसरं काही कुणाला सुचतच नाही. पण शेपटीचा पट्टा तराजूसारखा तोललेला असतो. मागच्या बाजूला नको तेवढं वजन वाढलं, की वेगात तो फडफडायला लागतो, आणि फडफडता फडफडता तुटून जातो. बिजागऱ्याही रंगाने बुजल्या होत्या. अण्णांनी पट्टा काढून तोलून बघितला. मागची बाजू टेबलावर टेकली ती उठेचना.

"नवरी लई नटलीय," ते मालकाला म्हणाले, "पर दागिन्यापायी मान उचलंना."

मालकाचा चेहरा पडला. सगळा रंग खरवडून काढायला हवा म्हटल्यावर तर तो रडायच्या बेतात आला. पण माणूस भला. पुढे चिठ्ठीत लिहायला लागला, "ऑइल बदला, आणि अण्णांना व बाईंना जे बघायचं ते बघू द्या."

आता अण्णांच्या शेवटच्या कामाचं सांगते.

आयुष्यभर विमानांच्या तारा ताणलेला हा माणूस कधी विमानात बसला नव्हता. आमच्याकडे विमानं पाठवणारी एक उड्डाणशाळा होती. गाडीने तीनचार तासांवर, मोकळ्या माळावर तिची धावपट्टी. तिथले मुख्य शिक्षक, त्यांना सगळे कॅप्टन म्हणत, त्यांनी ठरवलं, की अण्णा निवृत्त होताना त्यांनीच जोडलेल्या विमानातून त्यांना एक चक्कर मारून आणायची. दिवस ठरला दसऱ्याचा. आदल्या दिवशी आम्ही तिथे जाऊन पंख जोडले, तारा ताणल्या. अण्णांनी तपासून पिवळे ठिपके दिले तोवर दिवस मावळला. कमी उजेडात तारा तपासायच्या नाहीत, हा अण्णांचाच दंडक. त्यामुळे माझी तपासणी सकाळवर गेली. दांडीच्या बुडाशी, जिथे ती तळाच्या फळीतून खाली जाते, तिथे चामड्याचं झाकण असतं. मला आत बघता यावं म्हणून अण्णांनी ते उघडंच ठेवलं.

सकाळी मी मुक्कामाच्या खोलीवरून आले तर हँगर फुलून गेलेलं. अण्णांच्या गावाहून जीप भरून माणसं आली होती. वहिनी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, नवं लुगडं नेसून आलेल्या. विमानाला झेंडूचा हार, नाकावरच्या पंख्याला गंध, चाकाशी नारळ आणि पूजेला मांडलेली हत्यारं. वहिनींनी विमानात, दांडीशेजारी फळीवर, विड्याच्या पानावर सुपारीचा गणपती मांडून मनोभावे पूजा केली होती. अण्णा पांढरे कपडे आणि फेटा घालून नवरदेवासारखे उभे. मी टॉर्च काढला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"बाई, आज ऱ्हाऊ द्या," ते हळू आवाजात म्हणाले.

मला आधी वाटलं, थट्टा करतायत.

शेजारी त्यांचे दाजी उभे होते, बहिणीचे यजमान. त्यांनी मोठ्याने विचारलं, "का ओ, तुमच्या कामावर भरवसा न्हाई व्हय यांचा? इतकी वरसं नोकरी करून?" आजूबाजूची माणसं बघायला लागली. अण्णांची मान खाली गेली. "येक दिस," ते मला म्हणाले, "येक दिस माझी हळद पुरं. मान्सं बगत्यात. मुहूर्त हाय."

मी कॅप्टनकडे बघितलं. ते म्हणाले, "उडण्याआधी मी दांडी हलवून बघतोच. बाकी तुम्ही दोघं ठरवा."

खरं सांगते, त्या क्षणी मला टॉर्च पिशवीत टाकावासा वाटला. या माणसाचा माझ्यावर लोभ होता, माझाही त्यांच्यावर होता. त्यांचा एकच दिवस, आणि तोही मी नासवायचा? पण त्याच विमानात ते स्वतः बसणार होते. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही कोण ते विसरायचं, असं तुम्हीच सांगितलंय. आत बसा आणि दांडी हलवा. मी शेपटीपाशी उभी राहते."

ते चढून बसले. माझ्याकडे न बघता.

"मागे घ्या."

शेपटीचा पट्टा वर आला. पण जिथवर यायला हवा त्या खुणेपर्यंत आला नाही. बोटभर अलीकडे थांबला.

"पूर्ण घ्या, अण्णा."

"पूर्णच हाय!"

"पुढे. आता परत मागे."

या वेळी पट्टा बरोबर खुणेला जाऊन टेकला. तिसऱ्यांदाही टेकला. चौथ्यांदाही.

"हाय ना पूर्ण?" अण्णा म्हणाले. दाजी हसले. कुणीतरी म्हणालं, मघाशी नीट ओढली नसंल. मलाही वाटून गेलं, आपणच चुकीचं बघितलं असेल. उन्हाची तिरीप होती, डोळ्यावर आली असेल. धंद्यातलं सगळ्यात अवघड काय, असं मला कुणी विचारलं तर मी हे सांगेन. सापडलेली चूक अवघड नसते. एकदा दिसून पुन्हा न दिसलेली चूक अवघड असते, कारण ती नव्हतीच असं सगळ्यांना हवं असतं, आणि त्या सगळ्यांत आपणही असतो.

"फळी उघडावी लागेल," मी म्हटलं.

अण्णा खाली उतरले, फेटा काढून वहिनींच्या हातात दिला, आणि पूजेतला स्क्रूड्रायव्हर उचलून स्वतःच फळी उघडायला बसले. फळी निघाली. मी टॉर्च धरला. दांडीच्या खालच्या टोकाला तारा जोडणारी जी लोखंडी बाही असते, तिच्या शेजारी, कुंकवाचा टिळा लावलेली सुपारी पडली होती. पूजा झाल्यावर देवाला निरोप देताना वहिनींनी पान हलवलं, तेव्हा गणपती घरंगळून उघड्या झाकणातून खाली गेला होता. दांडी मागे घेतली की कधी तो बाहीखाली यायचा, कधी बाजूला सरकायचा. उतरताना नाक वर घ्यायच्या वेळी तो बाहीखाली आला असता, तर कॅप्टनांनी कितीही ओढली तरी दांडी आली नसती. उड्डाणाआधी हलवून बघताना तो बाजूला सरकलेला असता, तर त्यांना काही कळलंही नसतं. आणि झाकण तर अण्णांनी स्वतःच्या हातांनी लावून टाकलं असतं.

वहिनींनी तोंडाला पदर लावला. दाजी लगेच सावरून म्हणाले, "देवच आड आला म्हनायचा. चांगला शकुन हाय."

"देव आड आला न्हाई, दाजी," अण्णा सुपारी हातात घेऊन म्हणाले. "देव आत आडकला हुता. आड आल्या त्या बाई."

मग ते माझ्याकडे वळले. डोळे भरले होते, पण आवाज चढा. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलले. "फळी उघडलीय. आता सगळं पैल्यापासनं. आदी मी, मंग ह्या. बाईंचं कुंकू लागल्याबिगर मी बसनार न्हाई. मुहूर्त गेला चुलीत."

मुहूर्त गेलाच. सगळं पुन्हा तपासून होईपर्यंत दुपार कलली. गावची माणसं हँगरच्या सावलीत भाकरीची गाठोडी सोडून बसली आणि दाजी सगळ्यांना हळदीकुंकवाची पद्धत समजावून सांगत होते, जशी काही त्यांनीच काढलीय. मी शेवटचा लाल ठिपका दिला. मग विमान उडालं. वहिनी ते ठिपक्याएवढं होईपर्यंत बघत राहिल्या आणि परत चाकं टेकेपर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही.

अण्णा उतरले. सगळ्यांनी गराडा घातला. वरून कसं दिसतं, भीती वाटली का? अण्णा म्हणाले, "काय बगितलं न्हाई. मागची येक पुली वाजत हुती, तिकडंच ध्यान."

ती पुली मी दुसऱ्या दिवशी बघितली. वाजत नव्हती.

त्यांच्यानंतर पिवळे ठिपके द्यायला जे आले ते हुशार होते, वागायला चांगले होते. पण पुढे पुढे माझ्या सुट्टीच्या दिवशी काम निघालं, की लाल ठिपक्यासाठी मला घरी फोनवर फोटो यायला लागले. "मॅडम, बघा, सगळं ओके आहे ना? इकडे यायची तसदी घेऊ नका." मान देऊनच म्हणायचे. फोटोत तार दिसते, तारेचा ताण दिसत नाही. मी रिक्षा करून जायचेच. तरी निवृत्त होईपर्यंत ही सवय पुढच्यांच्या अंगी मला बाणवता आली नाही, याची चुटपुट राहिली. आपण माणसांवर विश्वास ठेवायला शिकवतो. विश्वास असूनही बघायचं असतं, हे कसं शिकवायचं ते मला जमलं नाही.

परवा अण्णांचा फोन आला. "या येकदा घरी, काम हाय." मी बस पकडून राजगुरुनगरला उतरले, तिथून त्यांचा मुलगा गाडीवरून घेऊन गेला. अण्णा थकलेत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. अंगणातल्या चिंचेला त्यांनी नातीसाठी झोका बांधला होता. नात पाचसहा वर्षांची, हाताची घडी घालून, फुरंगटून झोक्याशेजारी उभी.

"कालपासनं बसू देत नाहीत," तिने माझ्याकडे तक्रार केली. "म्हणतात, बाई येऊ दे."

मी वर बघितलं. फांदीवरच्या दोन्ही गाठींना हळदीचा एकेक ठिपका दिलेला होता. वहिनींनी स्टूल आणून ठेवलं. मी त्यावर चढून गाठी चाचपल्या, दोराचा पीळ उलगडून बघितला, फांदीवर घासतो का ते बघितलं. मग खाली उतरून पदर खोचला आणि या वयात, सगळ्या घरादारासमोर, दोन्ही दोर धरून त्या झोक्याला लोंबकळले. वहिनी हसून हसून खाली बसल्या. अण्णा हसले नाहीत. ते माझ्याकडे नव्हे, गाठींकडे बघत होते.

"डावी गाठ जरा सरकतेय, अण्णा," मी म्हटलं.

"तरी म्हनलं," ते म्हणाले, आणि चेहरा असा खुलला जसं काही मी त्यांना शाबासकी दिली. मुलाला वर चढवून गाठ सोडवली, पुन्हा बांधून घेतली, खालून स्वतः ओढून बघितली, आणि नवी हळद लावायला लावली. मी पुन्हा लोंबकळले. या वेळी काही सरकलं नाही.

अण्णांनी वहिनींकडे हात केला. वहिनी देवघरातून करंडा घेऊन आल्या. मी स्टुलावर चढले, बोट कुंकवात बुडवलं, आणि पिवळ्या ठिपक्यांशेजारी लाल ठिपके दिले.

"बस गं आता," अण्णा नातीला म्हणाले.